टिनावरचे दगड

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

वाशिम जिल्ह्यात बर्फ पडत नाही, हे सांगायला इंजिनिअरची गरज नाही. तरीही आज मी सुरुवात बर्फापासूनच करणार आहे. आमच्या नात्यातली एक मुलगी मंगरुळपीरची. शिकून पुण्याला नोकरीला लागली आणि तिथे बसून ती कॅनडातल्या गोदामांच्या छतांची गणितं करते. आखाजीला घरी आली, तेव्हा आजीनं तिला विचारलं, ‘‘तू दिवसभर नेमकं करतं काय वं?’’ ती म्हणाली, ‘‘छतावर किती बर्फ साचेल, त्याचं वजन काढते.’’ आजीनं घटकाभर विचार केला आणि म्हणाली, ‘‘अन् आपल्या टिनाचं कोन काढते, माय?’’

सगळे हसले. मीही हसलो. पण मी या जिल्ह्यात गेली वीसेक वर्षं इमारतींची डिझाइनं करतो आहे, आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘कोणीच नाही’ असं आहे हे मला ठाऊक होतं. दवाखाना, शाळा, तीन मजली इमारत यांचं गणित होतं. गावातल्या दहा बाय वीसच्या टिनाच्या खोलीचं होत नाही. ती खोली गवंडी आणि वेल्डर मिळून अंदाजानं उभी करतात, आणि तिच्यात माणसं जन्मभर राहतात.

आधी बर्फाचं गणित कसं करतात ते सांगतो, कारण त्यातली शिस्त आपल्या कामाची आहे. आपल्या देशात इमारतींवर कोणकोणते भार धरायचे, हे सांगणारं एक मानक आहे, भारतीय मानक ८७५. ते पहिल्यांदा १९५७ साली निघालं. १९८७ साली त्याचे पाच भाग झाले. पहिल्या भागात इमारतीचं स्वतःचं वजन, दुसऱ्यात माणसं आणि सामान, तिसऱ्यात वारा, चौथ्यात बर्फ, आणि पाचव्यात राहिलेलं सगळं, शिवाय हे भार एकत्र कसे धरायचे ते. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगराळ भागात काम करणाऱ्यांना चौथा भाग रोज लागतो. आमच्या कपाटात तो नव्यासारखा कोराच राहतो.

बर्फाबद्दल आपली एक समजूत असते, की किती फूट पडला ते महत्त्वाचं. तसं नाही. ताजा, भुरभुरीत बर्फ पिंजलेल्या कापसासारखा असतो. एक घनमीटर पाण्याचं वजन १००० किलो, तर तितक्याच ताज्या बर्फाचं शंभर किलो किंवा त्याहूनही कमी. तोच बर्फ आठवडाभर पडून दबला की तीनशे किलोंवर जातो. त्यावर पाऊस पडला तर आणखी वाढतो, कारण कापूस पाणी पितो तसा तो पाणी धरून ठेवतो. म्हणजे छतावर दिसायला फूटभरच थर, पण दर चौरस मीटरला वजन ३० किलोही असू शकतं आणि ९० किलोही. म्हणून इंजिनिअर उंचीपेक्षा वजनाची नोंद बघतो.

मग तो विचारतो, या गावात जमिनीवर जास्तीत जास्त किती वजनाचा बर्फ साचतो? इथे ‘५० वर्षांतून एकदा’ असा शब्दप्रयोग येतो. त्याचा अर्थ लोक चुकीचा घेतात. एकदा येऊन गेला की पुढची ५० वर्षं निश्चिंती, असं नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात दोन, एवढाच त्याचा अर्थ. लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो. आणि घर ५० वर्षं उभं राहणार असेल, तर त्या काळात असा बर्फ निदान एकदा येण्याची शक्यता शंभरात चौसष्टच्या आसपास निघते. म्हणजे ‘आजवर तर कधी झालं नाही’ हे वाक्य छताच्या बाबतीत पुरावा म्हणून चालत नाही.

जमिनीवरच्या या आकड्याला छताच्या आकारानुसार गुणतात. सपाट किंवा ३० अंशांपर्यंत उताराच्या छतावर जमिनीवरच्या बर्फाचा ०.८ पट भार धरतात, कारण थोडा वाऱ्यानं उडतो. उतार वाढला की भार कमी होत जातो, आणि ६० अंशांच्या छतावर बर्फ टिकतच नाही असं मानतात. थंड देशांतल्या चित्रांत घरांची छपरं इतकी उभी का असतात, ते यावरून लक्षात येईल. पण खरी मेख पुढे आहे. बर्फ सगळीकडे सारखा बसत नाही. उंच भिंतीच्या आडोशाला, दोन उतारांच्या मधल्या खोबणीत, उंच छताशेजारच्या बुटक्या छतावर वारा त्याचे ढीग करतो. छप्पर कोसळतं ते बहुधा अशा ढिगाखाली. सरासरी भार सोसणारं छत एका कोपऱ्यात हरतं.

२००६ चा जानेवारी महिना युरोपात वाईट गेला. २ तारखेला जर्मनीत बाड रायखेनहाल इथे बर्फावर घसरत खेळण्याच्या मैदानाचं लाकडी छत पडलं, १५ जण गेले, त्यांतली बहुतेक मुलं. २८ तारखेला पोलंडमध्ये कातोवित्से इथे कबुतरांचं प्रदर्शन भरलेल्या मोठ्या सभागृहाचं छत बर्फाखाली कोसळलं, ६५ माणसं दगावली. पण माझ्या मनात घर करून आहे ती त्याआधीची एक घटना. अमेरिकेत हार्टफर्ड इथल्या क्रीडागृहात १७ जानेवारी १९७८ च्या रात्री बास्केटबॉलचा सामना झाला, पाचेक हजार माणसं बघायला होती. ती घरी गेली, आणि काही तासांनी, पहाटे, ते प्रचंड छत एकसंध खाली आलं. कोणाला ओरखडाही उठला नाही. छतावरचा बर्फ जेवढा धरून डिझाइन केलं होतं, त्यापेक्षा कमीच होता! बर्फाच्या भाराचा आकडा पुरेसा होता. पातळ लोखंडी दांडे बाजूला वाकू नयेत म्हणून जो आधार कागदावर धरला होता, तो प्रत्यक्षात तसा बसलेला नव्हता. छत कशानं कशाला धरलं आहे, तिथे गफलत होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण आपल्या टिनाचं दुखणं नेमकं तेच आहे.

आपल्याकडे बर्फाच्या सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे गारा. २०१४ साली फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात जी गारपीट झाली, तिनं तेव्हाच्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांना झोडपलं. ११ फेब्रुवारी २०१८ ला रिसोड आणि मालेगाव तालुक्यांत झालेली गारपीट तर इथल्या पुष्कळांच्या डोळ्यांसमोर असेल. उभा गहू, हरभरा, संत्र्याच्या बागा गेल्या. पिकाचे पंचनामे झाले. छताचा विचार त्या गडबडीत कोण करणार?

तरी करून पाहू. गारा म्हणजे बर्फाचे गोळे. ढिगात गोळ्यांच्या मधे पोकळी राहते, म्हणून गारांच्या ढिगाचं वजन दर घनमीटरला साधारण साडेपाचशे किलो धरता येतं. म्हणजे एक सेंटिमीटर थर असेल तर चौरस मीटरला साडेपाच किलो. उताराच्या टिनाच्या छतावर दुरुस्तीला चढणाऱ्या माणसासाठी वगैरे जो किमान भार मानक धरायला लावतं, तो दर चौरस मीटरला सुमारे ४० किलो आहे. तेव्हा सात सेंटिमीटरचा, म्हणजे जवळजवळ तीन इंचांचा सारखा थर नीट बांधलेलं छत सोसेल. पण गारा सारख्या राहत नाहीत, त्या घसरतात. बाजारपेठेत किंवा जिनिंगमध्ये दोन शेड शेजारीशेजारी असतात आणि मधे एक पन्हळ असते. दोन्ही बाजूंना सहा सहा मीटरचा उतार आणि त्यावर पाच सेंटिमीटर गारा, अशी कल्पना करा. त्या सगळ्या घसरून पन्हळीत आल्या, तर पन्हळीच्या दर मीटर लांबीला सव्वातीनशे किलोंहून जास्त ओझं होतं. त्यात पन्हळीचं तोंड गारांनी बुजतं आणि मागाहून आलेला पाऊस तिथेच तुंबतो. वाऱ्यानं केलेल्या बर्फाच्या ढिगाला ही आपली सख्खी बहीण. वाशिमसाठी असा आकडा मानकात छापलेला नाही. म्हणून अशी शेड माझ्याकडे आली की पन्हळीखालचा गर्डर मी मुद्दाम जड घेतो आणि पाणी उतरायला एकाऐवजी दोन वाटा ठेवतो. मालक कुरकुर करतात. करू देत.

पण श्रोतेहो, गारा हा आपला मोठा शत्रू नव्हे. बर्फाच्या देशात छतावरचा भार खाली दाबतो. आपल्याकडे सर्वांत मोठा भार छताला वर उचलतो. तो म्हणजे वारा.

इथे थोडं मागे जायला हवं. आपल्या वऱ्हाडातली जुनी घरं धाब्याची होती. सागाच्या किंवा कडुनिंबाच्या लाकडावर फळ्या, नाहीतर काड्या, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. हा थर नऊ-दहा इंचांचा धरला, तर दर चौरस मीटरला त्याचं वजन चारशे किलोंच्या घरात जातं. म्हणजे आपले पणजोबा दीड माणूस उंचीच्या ताज्या बर्फाहून कितीतरी जास्त वजन बारा महिने डोक्यावर घेऊन झोपत होते! वाऱ्याची अशा घराला पर्वाच नव्हती. सोसाट्याचा वारा सुटला तरी धाबं हलत नसे. भीती होती ती वेगळीच, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ती खरी ठरली. लातूर-उस्मानाबाद भागात माळवदाची जड छतं आणि दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. हजारो माणसं गेली. लाकूड महागलं, दरवर्षी माती चढवायला हात मिळेनात, आणि जड छताची धास्तीही बसली. घराघरांवर टिन आलं.

टिनपत्र्याचं वजन दर चौरस मीटरला साधारण पाच किलो. खालचे लोखंडी पाइप धरून आठ म्हणा. म्हणजे चारशे किलोंच्या छताखालून आपण आठ किलोंच्या छताखाली आलो, आणि तेही एका पिढीत. भूकंपाच्या दृष्टीनं हे फार चांगलं झालं. पण छत जागेवर राहतं ते त्याच्या वजनानं, ही जुन्या घरातली समजूत मात्र आपण सोबत घेऊन आलो. त्या समजुतीचं दृश्य रूप म्हणजे टिनावर ठेवलेले दगड.

वाशिमहून कारंज्याला किंवा मानोऱ्याला जाताना रस्त्याच्या कडेची घरं पाहा. टिनावर ओळीनं दगड. कुठे दगडांबरोबर जुना टायर, फुटका पाटा, वाळूचं पोतं. कोणाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, ‘‘गोटे ठेवले हायेत ना सायेब, काही नाई होत.’’

आता वाऱ्याचं गणित पाहू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. मानकात वेग मीटर-सेकंदात घेतात, त्याचा वर्ग करून ०.६ नं गुणलं की दाब निघतो. उन्हाळी वावटळीत ताशी १०० किलोमीटरचा झोत आला, तर हा दाब दर चौरस मीटरला जवळपास ४७ किलो होतो. (इंजिनिअर लोक दाब किलोत मोजत नाहीत, पण इथे आपल्या सोयीसाठी तसं बोलू.) मानकाच्या तिसऱ्या भागात देशाचा वाऱ्याचा नकाशा आहे. त्यात पुण्याला सेकंदाला ३९ मीटर आणि नागपूरला ४४ मीटर हा मूळ वेग धरायला सांगितला आहे. हाही ५० वर्षांच्या हिशेबाचाच, उघड्या मैदानात दहा मीटर उंचीवरचा, तीन सेकंदांच्या झोताचा वेग. ३९ मीटर म्हणजे ताशी १४० किलोमीटर. तेव्हाचा दाब ९३ किलो, म्हणजे शंभरच्या झोताच्या जवळजवळ दुप्पट.

हा वारा छताला दाबायचं सोडून उचलतो कसा? मृगाच्या पावसात छत्री उलटी होते तशीच ही गोष्ट आहे. वारा भिंतीला अडतो, वर चढतो आणि छताच्या कडेवरून वेगानं निघतो. त्यामुळे टिनाच्या वरच्या अंगाला ओढ तयार होते. तेवढ्यात समोरचं दार धाडकन उघडतं. आत शिरलेला वारा बाहेर जायला वाट शोधतो आणि टिनाला खालून रेटतो. वरून ओढ, खालून रेटा. दोन्ही मिळून छताला उचलणारी ताकद वाऱ्याच्या पूर्ण दाबाएवढी धरणं अवास्तव नाही. दार वाऱ्याच्या तोंडावर उघडं राहिलं तर ती त्याहून जास्त भरते.

दहा बाय वीस फुटांची खोली घ्या. छत साडेअठरा चौरस मीटर. ताशी शंभरच्या झोताला त्याला उचलणारी ताकद पावणेनऊशे किलो. टिन आणि पाइपांचं मिळून वजन दीडशे किलो. उरले सव्वासातशे. वीस किलोंचा एक दगड धरला तर छत्तीस दगड हवेत! मी अशा खोल्यांवरचे दगड मोजले आहेत. आठ, दहा, फार तर बारा असतात. आणि छत्तीस ठेवले तरी ते फक्त शंभरच्या झोतापुरते. एकशेचाळीसच्या झोताला याच हिशेबानं पंचाहत्तरहून जास्त लागतील. तेवढं वजन ते पाइप एरवी पेलणार नाहीत.

याहून वाईट गोष्ट अशी, की दगड टिनाला बांधलेला नसतो. टिनाचा एक कोपरा फडफडला की दगड गडगडतो. छत जागेवर असतं तोवर तो दगड शोभेचा असतो, आणि छत हललं की तो घरातल्या माणसांवर येतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या वादळाच्या दुसऱ्या दिवशी मी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावी गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. वीस-पंचवीस घरांची टिनं उडाली होती. एका घरात भिंती शाबूत, भांड्यांची मांडणी जशीच्या तशी, फक्त वर आभाळ. त्या घरातल्या म्हातारबाबांच्या अंगावर रात्री छतावरचा गोटा पडला होता. दवाखान्यात नेईपर्यंत ते गेले. त्यांचा मुलगा मला सांगत होता, ‘‘सायेब, तो गोटा मीच ठेवला होता. बाबाच म्हणाले होते, वारा सुटते, एक गोटा आनखी ठेव.’’ मी काय बोलणार? त्या मुलानं केलं ते सगळं गाव करत होतं.

मी त्या घराच्या भिंतीवर चढून पाहिलं. पाइप भिंतीवर नुसते टेकवलेले, आणि टेकवलेल्या जागी मूठभर सिमेंट थापलेलं. पाइप सिमेंटच्या त्या गोळ्यांसकट उचलले गेले होते. टिन पाइपांना चांगलं पक्कं होतं. हुक जागेवर, वायसर जागेवर, एकही पत्रा फाटलेला नाही. सगळं छत सतरंजी उचलावी तसं अखंड उठून शेजारच्या वावरात जाऊन पडलं होतं. म्हणजे पत्रा पाइपाला धरून होता, पण पाइप भिंतीला धरून नव्हता. हार्टफर्डच्या छतासारखंच.

आणि आता मला ज्यासाठी एवढं बोलायचं होतं तो हिशेब. आपण बाहेरून दगड आणून वर ठेवतो. पण घरात वजन आधीच आहे. ते भिंतीत आहे. नऊ इंचांच्या विटेच्या भिंतीचा एक मीटर लांब आणि एक मीटर उंच तुकडा घ्या. त्याचं वजन सव्वाचारशे किलोंच्या वर भरतं. दहा फूट रुंदीच्या खोलीत प्रत्येक भिंतीवर छताचा अर्धा भाग, म्हणजे दीड मीटरचा पट्टा येतो. ताशी १४० च्या झोताला, छताचं स्वतःचं वजन वजा करून, भिंतीच्या दर मीटरला उचलणारी ताकद निघते साधारण १३० किलो. वरून फक्त तीन-सव्वातीन फूट भिंत जरी छताशी बांधलेली असेल, तरी छताला उडायचं तर तिला सोबत घेऊन उडावं लागेल. ती सव्वाचारशे किलोंची आहे. नाही उडत. छत्तीस दगडांचं काम ती भिंत करते, आणि ती कोणाच्या अंगावर गडगडत नाही.

बांधायचं कसं? पाइप चार फुटांच्या अंतरावर असतील तर प्रत्येक टोकाला दीड-पावणेदोनशे किलोंची ओढ येते. ८ मिलिमीटरची साधी सळई सातशे किलोंची ओढ सहज सोसते. नवं बांधकाम असेल तर भिंत छतापासून तीन-सव्वातीन फूट खाली असतानाच, प्रत्येक पाइपाच्या जागी, अशी सळई विटांच्या थरात सोडायची. खालचं टोक आडवं वळवून त्याखाली फूटभर लोखंडी पट्टी घालायची, म्हणजे सळई वर ओढली गेली तर वरच्या सगळ्या विटा सोबत उचलाव्या लागतील. वरचं टोक पाइपाभोवती वळवून वेल्डिंग. गवंड्याला हे एकदा दाखवलं की तो करतो. सळईचा खर्च एका खोलीला टिनाच्या एक-दोन पत्र्यांइतकासुद्धा होत नाही.

घर आधीच बांधलेलं असेल तर पाइपाखाली तीन-सव्वातीन फुटांवर भिंतीला आरपार भोक पाडायचं, आणि जाड गॅल्व्हनाइज्ड तार दुपदरी करून पाइपावरून आणि भोकातून फिरवून पिळून आवळायची. तार विटेत घुसू नये म्हणून भोकाच्या तोंडाशी लोखंडाचा तुकडा ठेवायचा. दिसायला बरं दिसत नाही, हे कबूल. चार इंची भिंत असेल तर तिचं वजन निम्मंच, म्हणून अशा भिंतीत जोत्यापर्यंत खाली जावं. कुडाच्या भिंतीवर तर भरवसाच नको. तिथे तार जमिनीत पुरलेल्या दगडाला बांधावी. हा दगड मात्र उपयोगाचा!

कोपरे आणि कडा यांच्याकडे वेगळं लक्ष हवं. बर्फ कोपऱ्यात ढीग करतो, तशी वाऱ्याची ओढही कडेला आणि कोपऱ्यांत मधल्या भागापेक्षा दीड-दोन पट असते. आपले वेल्डर मात्र सगळीकडे हुक सारख्याच अंतरावर लावतात. कडेच्या दोन ओळींत हुक दुप्पट लावले, शेवटच्या पाइपाला दोन ठिकाणी बांधलं, की बरंचसं काम झालं. ओसरीवर सावलीसाठी टिन बाहेर काढतो, त्याच्या खाली वारा भिंतीला आपटून वर येतो, म्हणून तो पुढे आलेला भाग दीड-दोन फुटांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि ठेवलाच तर त्याला खांब द्यावा. आणि वारा सुटला की वाऱ्याच्या तोंडावरचं दार घट्ट लावून आतून अडसर घालावा. याला काहीच खर्च नाही.

सगळ्याच गोष्टींवर गणित चालत नाही, हेही सांगायला हवं. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारस इथे, मंदिराच्या आवारातल्या टिनाच्या शेडवर वादळात कडुनिंबाचं मोठं झाड कोसळलं आणि आसऱ्याला थांबलेले सात जण दगावले. पडणाऱ्या झाडाचं वजन धरून कोणी शेड बांधत नाही. तिथे झाडाखाली शेड न बांधणं, किंवा झाडाच्या वाळल्या फांद्या वेळेत उतरवणं, एवढंच हातात असतं.

मला विचारतात, टिन काढून स्लॅब टाकला तर? पैसे असतील तर टाकावा, वाऱ्याचा प्रश्न मिटतो. पण मग स्लॅबवर सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लावू नये. नेहमीच्या घराचा स्लॅब वरच्या सामानासाठी दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो धरून करतात. पोत्यांच्या चार थरांचं वजन त्याच्या कितीतरी पुढे जातं. त्यावर वेगळं बोलावं लागेल.

ही कामं करायची ती फेब्रुवारीच्या आत. आपल्याकडे गारपिटीचे दिवस त्या महिन्यापासून सुरू होतात आणि वावटळींचे एप्रिल-मेमध्ये येतात. तेव्हा वेल्डर मिळत नाही आणि टिनावर पायही ठेववत नाही. आधी पाइप बांधा, मग हुक तपासा, आणि सगळ्यात शेवटी दगड खाली घ्या. हा क्रम उलटा करू नका. आणि दगड उतरवताना खाली कोणी उभं राहणार नाही, एवढं पाहा. उतरवलेले दगड ओट्याच्या बांधकामात चांगले लागतात.